माळायची नाहीत ती फुलं

मेहरूण, जळगाव
५ डिसेंबर २०२५

पुष्पभक्षिणी सुनंदे,

मुख्तारभाईंच्या टेम्पोतून तुझा डबा पोचला. आत चिठ्ठी नव्हती, म्हणजे तू अजून रागावलेली आहेस. पण डबा होता, म्हणजे फार नाही. धाकट्या बहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केल्यावर थोरलीनं काय करायचं? टपालखात्यात ब्लॉक करायची सोय नाही, म्हणून हे पत्र.

पाकीट लिहीत होते तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, नावाआधी ‘गं. भा.’ लिही, नवरा गेलेल्या बाईला तसंच लिहितात. मी म्हटलं, पोस्टमनला पिनकोड पुरतो. गंगा म्हणजेच भागीरथी. एकच नदी एका बाईच्या नावापुढे दोनदा का वाहवायची, हे मला इतकी वर्षं संस्कृत शिकवूनही कळलेलं नाही. बुडवायचीच असेल तर एकदा पुरे.

आता डब्याकडे येते. नानकटाई उत्तम. खुसखुशीत, वेलची बेताची. पण प्रत्येक नानकटाईवर तू एकेक जांभळी-पिवळी पॅन्सी चिकटवून भाजली आहेस. तिच्याबद्दल चार शब्द लिहिणं भाग आहे आणि चारही वाईट आहेत. सुनंदा, त्या फुलाला तोंड आहे गं. मिशा आहेत. झाकण उघडलं तर डबाभर मांजरं माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि भट्टीतून आल्यामुळे सगळी आजारी दिसत होती. कडा करपलेल्या, गाल सुरकुतलेले. एक उचलली, तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तिला होती तिथे निजवून झाकण लावलं. तुझ्या दाजींनी मात्र चार खाल्ल्या. भाजलेली पाकळी ओल्या कागदासारखी टाळ्याला चिकटते, जिभेनं सोडवावी लागते आणि मग हिरवट, मेणचट काहीतरी घशात उतरतं, असं ते सांगतात. मी एकही खाल्ली नाही, हे लेखी नोंदवून ठेव.

सासूबाईंनी विचारलं, “हाई काय शे?”

“फुलं आहेत. खायची.”

“फुलं ढोरं खातस,” असं म्हणून त्या दोन नानकटाया अंगणातल्या तुळशीपाशी ठेवून आल्या, निर्माल्य ठेवतात तशा. संध्याकाळपर्यंत लाल मुंग्यांनी त्यांचं विसर्जन केलं. जळगावात तुझ्या पाककलेला खरा रसिकवर्ग मिळाला तो एवढाच.

तू म्हणशील, अक्का, तू हादग्याच्या फुलांची भाजी खातेस, केळफूल खातेस, शेवग्याच्या फुलांत हरभऱ्याची डाळ घालून बोटं चाटतेस. खाते. पण ती फुलं ताटात येईपर्यंत आपला चेहरा मागे ठेवून आलेली असतात. फूल ओळख दाखवायचं थांबलं की त्याची भाजी होते. तुझी पॅन्सी शेवटच्या घासापर्यंत ‘ओळखलंत का’ म्हणून विचारत राहते. मला शिसारी येते.

आता काम. मेघाची लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे. हळदीकुंकू आमच्याकडेच, शुक्रवारी १६ जानेवारीला. जामनेरहून तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, बायका घेऊन येणार आहेत. काळी साडी आणली. हलव्याचे दागिने बाजारातून आणणार होते, पुठ्ठ्यावर साखरेचे दाणे चिकटवलेले मिळतात तसले. पण आमचं कन्यारत्न म्हणतं, दागिने मावशीच करेल, नाहीतर मी बिनदागिन्यांची बसेन. करशील का?

लग्नाचं मी काढणार नव्हते, पण न काढता तू उत्तर द्यायची नाहीस. मेघाच्या हळदीला आमच्या सासूबाईंनी तुझ्या हातातलं तबक काढून घेतलं आणि शेजारणीच्या हातात दिलं. तू म्हणतेस मी ते पाहिलं. मी म्हणते मी वरपक्षाच्या चहाकडे बघत होते. मे महिन्यापासून आपण दोघी आपापल्या म्हणण्यावर ठाम आहोत. तू न जेवता धुळ्याची बस पकडलीस आणि पारोळ्याला उतरून वडापाव खाल्लास, हे मला मेघाकडून कळलं. लग्नातला बासुंदीचा बेत सोडून वडापाव. रागाचीसुद्धा काही चव असावी.

उत्तर पाठव. फुलं नकोत.

तुझी,
अक्का

ता. क. माझा संस्कृत-मराठी कोश परत कर. पानापानांत फुलं दाबायला मी तो दिला नव्हता. तुझ्या शेजारच्या जीनतला तू म्हणालीस म्हणे, ‘अक्काचं पुस्तक जड आहे म्हणून फूल छान सपाट होतं.’ विद्येचा असा उपयोग आजवर कोणी केला नसेल.


मेहरूण
२२ डिसेंबर

मार्जारमुखीपालिके सुनंदे,

या वेळी डब्यात चिठ्ठी होती. मी ती पुन्हा इथे उतरवते, कारण तू काय लिहिलंस ते तुलाही एकदा दुसऱ्याच्या अक्षरात दिसू दे:

‘दागिने करते. नमुना पाठवला आहे. पण मेघाच्या अंगावर ते मीच घालणार, सगळ्यांसमोर, सतरंजीवर बसून. आणि फुलं का खातेस असं सारखं विचारतेस तर ऐक. केसात माळायची नाहीत असं ठरलं. पोटाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.’

वाचून मी हसले. मोठ्यानं हसले.

नमुन्याचा बाजूबंद बघितला. पांढऱ्या हलव्याच्या दोन ओळी आणि मधे साखरेत घोळलेली एक पॅन्सी. सुंदर आहे, असं लिहिताना मला त्रास होतो आहे. तुझ्या हितेंद्रच्या फ्रेमच्या दुकानातल्या उरलेल्या काचांवर तू फुलं वाळवतेस, कुंचल्यानं डिंकाचं पाणी लावून वर साखर भुरभुरतेस, हे मेघानं सांगितलं. तो असता तर त्यानं तुझी फुलं चौकटीत बसवून भिंतीला टांगली असती आणि मला ती खावी लागली नसती. ‘अंडं नाही, डिंक’ हे तू चिठ्ठीच्या मागे दोनदा अधोरेखित केलंस ते बरं केलंस. इथे फुलापेक्षा अंड्याची चौकशी आधी होईल.

आता काल काय झालं ते. नशिराबादला बन्सीलालभाऊंच्या शेतात भरीत पार्टी होती. ते तुझ्या दाजींचे चुलतभाऊ, तुला माहीतच आहेत. विहीणबाईंनाही बोलावलं होतं. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, वर हिरवी मिरची, कांद्याची पात, तेलाची धार, कळण्याच्या पुऱ्या. सगळं जसं असावं तसं. आणि मग मेघानं पर्समधून एक डबी काढली. तू तिला परस्पर पाठवलेली! त्या हिरव्यागार, तेलानं चकाकणाऱ्या ढिगावर तिनं गोलाकार ताज्या पॅन्सी मांडल्या आणि मोबाइल वर धरून फोटो काढायला लागली.

बन्सीलालभाऊ पुरी हातात धरून उभेच राहिले. “भरीत मरी गयं का बेटा? फुलं कसाले वाही ऱ्हायनी?”

शेतभर हशा. कोणीतरी भरिताला हात जोडले. मेघा म्हणाली, “काका, खायची आहेत ती. मावशीनं लावलीत.” भाऊंनी सौजन्यानं एक खाल्ली आणि वर तीन पुऱ्या कोरड्या. तोवर बाकीची फुलं गरम भरितात बसली होती. पाकळ्या तेलात बुडून काळ्यानिळ्या झाल्या, मिशा वांग्याच्या बियांना चिकटल्या, आणि एक तोंड अर्धं वर राहून माझ्याकडे बघत होतं, मदत मागत असल्यासारखं. माझं भरितावरचं मन उडालं. जळगावच्या बाईचं भरितावरचं मन उडवणं हा अपराध आहे, सुनंदा.

पण खरी किळस पुढे आली आणि ती फुलांची नव्हती.

मेघानं तिथेच जाहीर केलं की दागिने मावशी घालणार. विहीणबाईंच्या हनुवटीवरून तेलाचा ओघळ चालला होता. तो पुसायच्या आधी त्या म्हणाल्या, “आमचं काही नाही हो ज्योतीताई. आम्ही मॉडर्नच आहोत. पण लोक असतात ना.”

मी आजूबाजूला ते लोक शोधले. सगळ्यांच्या तोंडात भरीत होतं, कोणी काही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हतं.

“पहिला सण आहे पोरीचा,” त्या पुढे म्हणाल्या. “सवाष्णीचा हात लागलेला बरा. तुमच्या बहिणीबद्दल काही नाही हं. काय नानकटाई करतात! आम्ही जामनेरला डबा संपवला.”

म्हणजे हातचं चालतं, हात चालत नाही. तो हात पीठ मळतो, फूल उचलतो, साखर लावतो. ते सगळं यांच्या पोटात बिनतक्रार जातं. तोच हात पोरीच्या दंडाला लागला की सण बाटतो. हे सगळं गोड आवाजात, पुरीचा तुकडा माझ्या ताटात वाढता वाढता. मी ताट बाजूला ठेवलं. सगळ्यांना वाटलं फुलांमुळे.

मी त्यांना काय उत्तर दिलं, असं तू विचारशील. मी म्हटलं, “बघू.” हा शब्द लिहितानाही मला माझीच शिसारी येते, पण विचारशील म्हणून लिहिला.

तुझी,
अक्का

ता. क. कोश.


मेहरूण
६ जानेवारी २०२६

सुनंदा,

आज विशेषण नाही. एक निरोप पोचवायचा आहे. तो मला सासूबाईंनी तोंडी दिला आणि मी लिहिते म्हणाले.

सासूबाई तुला ठाऊक आहेत. त्या बेचाळीस वर्षांच्या असताना सासरे गेले, तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या सतरंजीवर येत नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून सगळा कार्यक्रम चालवतात. सतरंजी तिरपी झाली, वाण आधी नको, त्या कोपऱ्यातल्या बाईला कुंकू राहिलं, हे त्यांना उंबऱ्यावरून दिसतं. तीळवडी सगळी त्यांच्याच हातची असते. दर वर्षी बायका ती खाऊन हात वर करून सांगतात, “वच्छलाबाईंसारखी वडी कोणाची नाही,” आणि त्या आत उभ्या राहून ऐकतात.

परवा मला बोलावून म्हणाल्या, “तुना संस्कृतमा काय लिखेल शे ते सांग. नवरा गया का बाईनी फुलं लावाना नहीत, अशे लिखेल शे ना?”

“लिहिणाऱ्यांनी सगळ्याच बाजूंनी लिहून ठेवलंय,” मी म्हटलं. “पण लिहिणारे सगळे पुरुष होते, आणि बायको गेल्यावर त्यांनी काय काय सोडलं ते कुठे वाचल्याचं मला आठवत नाही.”

“उलटं नको बोलू. मी पाळं ना? मी मरी गऊ का?”

त्यांनी पाळलं, त्या मेल्या नाहीत. त्या खरंच विचारत होत्या असं वाटलं.

मग निरोप. तू आदल्या दिवशी ये. दागिने स्वयंपाकघरातच मेघाच्या हातात दे. जेव, राहा. दुसऱ्या दिवशी बायका जाईपर्यंत आत बस. “तिले एकली वाटाव नही,” त्या म्हणाल्या. “मी शे ना तिनाजोडे.”

झाला निरोप पोचवून. वरची ओळ लिहिल्यावर मी उठून हात धुऊन आले. बॉलपेनची शाई हाताला लागत नाही, तरी धुतले. कोणाच्याही वाईट बोलण्यापेक्षा या मायेनं दिलेल्या निरोपाची मला जास्त किळस आली. वाईट बोलणाऱ्याला उलटून बोलता येतं. ‘मी आहे ना तिच्याबरोबर’ म्हणणाऱ्या सत्तरीच्या बाईला काय बोलशील?

आता माझं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की दागिने सुनंदा घालेल, सतरंजीवर बसून. नाहीतर मीही हळदीकुंकवाला बसणार नाही.

“मग बसू नको,” त्या म्हणाल्या आणि तीळ निवडायला लागल्या.

तुझे दाजी खुर्चीत पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. पेपरामागून आवाज आला, “केळीचे भाव उतरले.” त्या क्षणी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं त्यासाठी नेमका शब्द हवा होता, पण कोश तुझ्याकडे आहे.

तर ये. आदल्या दिवशी नको, १६ तारखेला दुपारी चारला ये, आणि पुढच्या दारानं ये. शाळेतून मी तीनपर्यंत येते. मी दारात उभी असेन. तबक या वेळी तुझ्या हातातून कोणी घेतलं तर मी चहाकडे बघत नसेन.

अक्का


मेहरूण
१८ जानेवारी

सुनंदे,

आली नाहीस.

मी चारपासून साडेपाचपर्यंत दारात उभी होते. येणाऱ्या प्रत्येक बाईला वाटलं मी तिचंच स्वागत करते आहे, म्हणून माझा लौकिक वाढला. तुझे दोन डबे दुपारीच मुख्तारभाईंबरोबर आले होते, मी शाळेत असताना. माझ्या नावाची बंद चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली गेली आणि डबे स्वयंपाकघरात गेले. चिठ्ठी मी सगळं होऊन गेल्यावर वाचली: ‘तबक एकदा हातातून गेलं. तेच पुन्हा बघायला मी येत नाही. मोठा डबा दागिन्यांचा. छोट्यातली साखरेची फुलं तीळवडीवर लावायची.’

ही शेवटची सूचना आधी कोणी वाचली असती तर जामनेरच्या चार अंबाड्यांचं कल्याण झालं असतं.

झालं असं. विहीणबाई दुपारी दोनलाच दाखल झाल्या. डबे उघडले. मोठ्यात हलव्याचे दागिने, म्हणजे साखर, पण अंगावर घालायची. छोट्यात साखर लावलेली फुलं. आता सांग, ज्या सणाला साखर अंगावर घालतात त्या सणाला साखरेची फुलं कुठे घालणार? आणि तू प्रत्येक फुलाला नीट धरता यावं म्हणून इवलासा देठही ठेवलेला! सासूबाईंनी उंबऱ्यावरून हुकूम दिला, “बठ्ठ्या बायास्ले फुलं लाई द्या.” विहीणबाईंनी यू-पिना काढल्या. मी तीन वाजून गेल्यावर पोचले तेव्हा अंगणात सतरंजीवर जामनेरच्या सवाष्णी ओळीनं बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या अंबाड्यात तुझं मांजर बसलेलं होतं, साखरेनं चमचमत. मला वाटलं तुझीच काही नवी कला असेल. खरं सांगायचं तर छान दिसत होतं.

जानेवारीतलं ऊन, डोक्याचं तेल, डिंक आणि साखर. पुढचं तुला कळलंच असेल. सतरंजी तुळशीला लागून होती. डिसेंबरात तुझ्या दोन नानकटाया संपवणारा तो रसिकवर्ग तिथेच राहतो.

पहिली किंकाळी साडेपाचला आली. मग एकीची मान, मग दुसरीचा कान. विहीणबाई उभ्या राहिल्या तर मानेवरून लाल मुंग्यांची रांग ब्लाउजात उतरत होती. साखर वितळून केसांत लिबलिबीत चिकटली होती. पाकळ्या बोटांना लागून निघत होत्या आणि बोटांवर निळा रंग. एकीनं ओढून काढली तर अर्धी पॅन्सी आणि मूठभर केस हातात आले. सतरंजीवर हळद, कुंकू, साखरेचा चिखल आणि चिरडलेल्या मुंग्या. इतकं ओंगळ दृश्य मी सवाष्णींच्या मेळाव्यात पाहिलेलं नव्हतं. मी चिमट्यानं विहीणबाईंच्या डोक्यातून फूल काढत होते, तेव्हा त्या ओरडल्या, “असल्या बाईच्या हातचं आणल्यावर दुसरं काय होणार! नवरा खाऊन बसलेल्या बाईच्या हातचं!”

सुनंदा, त्या वेळी सासूबाई उंबऱ्यात होत्या. हातात तीळवडीचं ताट. सकाळपासून थापलेली, त्यांच्या हातची.

मी चिमटा खाली ठेवला. “विहीणबाई, तुमच्या तोंडात तीळवडी आहे ना? कोणाच्या हातची आहे?”

त्या चावायच्या थांबल्या. गिळता येईना, थुंकता येईना. गालात तशीच धरून त्यांनी आमच्या सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी ताट तिथेच उंबऱ्यावर ठेवलं आणि आत गेल्या.

विहीणबाईंनी शेवटी गिळलं. “मी वच्छलाबाईंना नव्हतं म्हटलं हो,” त्या म्हणाल्या. “शास्त्रच आहे तसं. तुम्ही संस्कृतवाल्या. तुम्हीच सांगा.”

“शास्त्रात मी खूप शोधलं आहे,” मी म्हटलं. “आणि तसं लिहिलेलं एखादं पान मला सापडलं, तर त्यात मी माझ्या बहिणीची फुलं दाबायला ठेवीन.” मग छोट्या डब्यातून एक पॅन्सी काढली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. मिशांसकट. चव तीच. हिरवट, मेणचट, टाळ्याला चिकटणारी. फक्त या वेळी वर साखर होती, म्हणजे आणखी वाईट.

मेघा तोवर काळ्या साडीत पाटावर बसून होती. तिच्या केसांत फूल नव्हतं, ती कोणाला लावू देत नव्हती. ती उठली, दागिन्यांच्या मोठ्या डब्याला झाकण लावलं, वर दोरी बांधली. “मावशी घालेल तेव्हा घालीन,” सासूला म्हणाली. “तोवर हे असेच राहतील. साखर आहे, नासत नाही.” विहीणबाई चहा न घेता जामनेरला गेल्या. नंतर जावयांचा फोन आला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तर म्हणाले, “आई डोकं धुतेय. तीनदा धुतलं. मावशींना विचारा, डिंक कशानं निघतो?” तेव्हा तेवढं कळव. लिंबू की व्हिनेगर?

म्हणून असं ठरवलं आहे. येत्या रविवारी, २५ तारखेला रथसप्तमी आहे. तोवर हळदीकुंकू चालतं. या वेळी ते तुझ्या घरी, धुळ्याला. यजमानीण तू. सतरंजी तुझी, तबक तुझं, ते कोणी काढून घेऊ शकत नाही, कारण दुसरं तबक घरात नसेल. जीनतला बोलाव, तुझ्या गल्लीतल्या बायका बोलाव, ज्यांना यायचं नसेल त्यांना फार आग्रह करू नकोस. मेघा आणि मी दोघी येतो. काळी साडी आणि बांधलेला डबा घेऊन. तिच्या अंगावर दागिने तू घालशील, आणि मग मी तुला कुंकू लावीन. कपाळ आक्रसलंस तर नाकावर लागेल. आणि फुलाचं तू काय करशील ते तुझं तू बघ. माळ किंवा खा. मला तुझ्या केसात बघायचं आहे, पण मी काय, पोटातही सहन करते आता.

मी मात्र पॅन्सी पुन्हा खाणार नाही. जेवायला शेवभाजी कर. वर काही ठेवू नकोस.

आता एक शेवटचं, आणि हे कोणाला सांगू नकोस.

सगळ्या गेल्यावर मी सतरंजी झटकून आत गेले. सासूबाई स्वयंपाकघरात छोटा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तळाशी चार-पाच फुलं उरली होती. त्यांनी मला पाहिलं नाही. एक फूल त्यांनी उचललं, डोळ्यांजवळ नेऊन त्याचं तोंड नीट बघितलं. हात कानामागे, केसांपर्यंत गेला. तिथे थोडा वेळ थांबला. मग खाली आला आणि त्यांनी फूल तोंडात टाकलं.

मी भांडं वाजवलं. त्या दचकल्या नाहीत.

“कसं लागतंय?”

तोंड वाकडं करून त्या चावत राहिल्या. “गवतना मायक लागस,” म्हणाल्या. गवतासारखं लागतं. आणि दुसरं उचललं.

आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसले तर उंबऱ्यावरून विचारणा झाली, “धुळानी यष्टी कितला वाजता शे?”

तेव्हा वर ‘दोघी’ लिहिलं आहे ते मी खोडत नाही, पत्रात खाडाखोड मला चालत नाही. तू तिघी वाच. कोश तुझ्याकडेच राहू दे.

अक्का